दुसऱ्याच्या वतीने

परळच्या आमच्या हॉस्पिटलात त्या दिवशी सीटी स्कॅन ऑपरेशन थिएटरच्या पडद्यावर येईना. वरळी कोळीवाड्यातली एक मावशी टेबलावर आडवी आणि स्कॅन बघितल्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावायला तयार नाहीत. तेव्हा नेटवर्कवाल्यांनी हा महापुरुष पाठवला.

समोरच्याला बोलू देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, "चहा घेणार का गं?"

"घेईल, बिनसाखरेचा," तो म्हणाला. तिला दोन चमचे लागतात.

मग मान तिरकी करून तो लॅपटॉपमध्ये शिरला आणि थोड्या वेळाने विजयी मुद्रेने वर आला. "साहेब, नेटवर्कात मशीन सगळ्यांना विचारतं, हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल तो उत्तर देतो. पण गोंगाट नको म्हणून तुमचा व्हर्च्युअल स्विच, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचा स्विच, सगळ्यांच्या वतीने स्वतःच उत्तरं देतो. स्कॅनचा सर्व्हर सकाळी दुसऱ्या मशीनवर हलवला, तरी हा जुनीच जागा सांगतोय." बोलता बोलता तो मनापासून चिडला. "ज्याला विचारलंय त्याला बोलू द्या ना. यानं मध्ये तोंड कशाला घालायचं?"

मी अत्यंत आदराने मान डोलावली.

त्याने स्विचचं तोंड बंद केलं. मी थिएटरला फोन लावला. "सिस्टर, स्कॅन दिसतोय?"

"दिसतोय," तो शेजारून म्हणाला.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे बराच वेळ नुसती कुजबुज चालली होती. मग सिस्टर म्हणाली, "दिसला. मावशीला भूल देतोय. आता कुणी फोन करू नका."