गाबोळीची शपथ

दयाराम तांडेलाला कोळीवाडा मान द्यायचा, आणि फार मान मिळाला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. उरणच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव. मासळी दरवर्षी घटत होती. मत्स्यखात्याचे साहेब येऊन सांगून गेले, अंड्यांवरची मासळी मारत राहिलात तर समुद्रात नुसतं पाणी उरेल. बाकीच्यांनी चहा पिऊन विषय सोडून दिला. दयारामने मनावर घेतला. नारळी पुनवेला नारळ समुद्राला द्यायच्या आधी त्याने एकेका होडीवाल्याचा हात त्यावर ठेवून घेतला. गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली मासळी जिवंत आली तर परत पाण्यात. नारळावरची शपथ मोडायची कुणाची छाती नव्हती.

वरच्या, शेजारच्या राज्यातल्या बोटींनी कुठे नारळावर हात ठेवला होता? इथे सोडलेला रावस त्यांच्या जाळ्यात जायचा. लोक कुरकुरायचे.

"दोन राज्यं मिलून मासलीची मोजनी करनार हायेत," दयाराम सांगायचा. "तवा आपला हिस्सा आपल्याला गावंल."

त्यातच सून हेमालीला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते गाबोळीचेच. मुलगा निकेतच्या जाळ्यात पोट फुगलेला रावस आला, तडफडत. निकेतने बापाकडे पाहिलं.

"सोड," बाप म्हणाला.

बायकोने, सखुबाईने, त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. हेमाली एक शब्द बोलली नाही. त्या मेल्या म्हाताऱ्याला वाटलं, सून समजूतदार आहे.

पुढे एकदाची दोन्ही राज्यांची बैठक झाली. समुद्रात साठा किती, धरायचा किती, ते ठरलं. मग वाटणी. मागच्या वर्षांत ज्या बंदरावर जेवढी मासळी उतरली, त्या मानाने हिस्सा. ओरबाडणाऱ्यांना घसघशीत मिळालं. शपथ पाळणाऱ्यांचा वाटा दिवाळीतच संपला आणि होड्या ओढून वाळूवर ठेवाव्या लागल्या.

"आमी सोरलेली पन धरा ना मोजनीत," दयाराम म्हणाला. साहेबांनी पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

निकेत वरच्या राज्यातल्याच एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. शिमग्याला घरी आला तो बर्फाची पेटी घेऊन. गावाला वास लागलाच. माणसं अंगणात जमली. सखुबाईने नवऱ्याला पाटावर बसवलं आणि मागचं दार लावून घेतलं. हेमाली पोर कडेवर घेऊन आली. तिने ताट ठेवलं, तळलेल्या गाबोळीने भरलेलं.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "रावस आपल्याच गावासमोर धरलाय. तुमीच सोरलेला असंल."

दयारामने उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे निकेत उभा होता, आणि या खेपेला तो काही विचारत नव्हता. म्हातारा खाली मान घालून खाऊ लागला. घास गिळताना त्याला रडू आलं, ते सगळ्यांनी नीट पाहिलं.

ताट रिकामं झालं तेव्हा हेमालीने विचारलं, "आजून वाढू?"