झेंडा वर होता

सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या मॅचना रेफरी म्हणून जायचे. मी दहावीत असताना त्यांनीच मला शिट्टी दिली. मुलींची टीम नव्हती, त्यामुळे मी मैदानाबाहेर बसून प्रत्येक फाउलवर तोंड वाजवायचे. एक दिवस ते वैतागून म्हणाले, "एवढं कळतंय तर आत ये, नाहीतर गप बस." गप बसणं जमण्यातलं नव्हतं, म्हणून आत गेले.

आमच्या नारपोलीतले कापडाचे लूम शुक्रवारी बंद असायचे, तेव्हा तिथल्या पोरांच्या मॅच मी घ्यायला लागले. आधी पोरं हसायची, "मॅडम, सीटी बजाना आता है क्या?" दोन-तीन पिवळी कार्डं दाखवल्यावर हसणं बंद झालं. सर एकच गोष्ट सारखी डोक्यात भरवायचे. मैदानात सख्ख्या आईवर विश्वास ठेवू नकोस, पण लाइनवाल्याच्या झेंड्यावर ठेव. ऑफसाइड त्याला दिसतो, तुला नाही; त्याने झेंडा वर केला की गोल रद्द. घरात बापाचं ऐकलं नसेल एवढं मी त्या माणसाचं ऐकलं.

अकरावीत गेले तेव्हा खाडीकडे सरांच्या गावात स्पर्धा होती, गोडाउनच्या मागच्या मैदानावर. फायनलला एकीकडे गावची टीम, दुसरीकडे आमच्या नारपोलीचे लूमवाले. सर म्हणाले, "ही मॅच तू घे, मी लाइनवर उभा राहतो. नीट झाली तर ठाण्याला रेफरीच्या परीक्षेला तुझं नाव देतो." परीक्षा पास झाले की कोणाच्या मेहेरबानीवर शिट्टी वाजवायची नव्हती, मी खरीखुरी रेफरी होणार होते. मला दुसरं काही नको होतं.

मॅच बरोबरीत संपत आली आणि गावच्या एका पोराने गोल मारला. लोक नाचायला लागले. मी लाइनकडे बघितलं तर सरांचा झेंडा वर. ताठ हात, सरळ वर. मी शिट्टी मारली आणि गोल रद्द केला.

मग काय, सगळं गाव मैदानात. कोणी म्हणे पोरीला काय डोंबल कळतंय, कोणी म्हणे ती नारपोलीचीच, ती आपल्याला कशाला जिंकू देईल. मी म्हटलं, "सरांचा झेंडा वर होता." सगळे सरांकडे वळले. तोवर त्यांचा हात खाली आला होता.

"मी झेंडा वर केलाच नाही," सर म्हणाले. "घाईत तिला तसं वाटलं असेल."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी घोळ झालाय. नारपोलीचा कॅप्टन पुढे आला. "सर, झूठ मत बोलो. झंडा ऊपर था, हम सबने देखा." परत गलका. तेव्हा गावातले एक म्हातारे गर्दीतून आत आले. त्यांच्यापुढे तिथे कोणी आवाज चढवत नसे. ते सरांना म्हणाले, "मास्तर, पोरीच्या डोक्यावर हात ठेव नि सांग. झेंडा केलास का न्हाय?"

पोरीच्या म्हणजे सरांच्या पोरीच्या. ती चिमुरडी पाण्याच्या बाटल्या कवटाळून बापाला चिकटून उभी होती. अशी शपथ खोटी घेतली तर ज्याच्या डोक्यावर हात त्याचं वाईट होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला एकदम हायसं वाटलं. आता तरी सर खरं बोलतील, माझी बाजू राहील.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग तिला बाजूला करून ते माझ्यापाशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हीपण मला पोरीसारखीच आहे," ते म्हणाले. "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, मी झेंडा केला नाही."

लोकांनी माना डोलावल्या. एका बाईने तर डोळ्यांना पदर लावला, धन्य त्या बाईची. तो घामट हात मला झटकून टाकायचा होता. लाइनवालाच नाही म्हणतोय तर ऑफसाइड कशाच्या जोरावर देणार? मी गोल दिला. गाव जिंकलं.

नंतर सर मला रिक्षापर्यंत सोडायला आले. वर तोंड करून म्हणतात, "मला या गावात राहायचंय गं. तू लहान आहेस, तुझी चूक लोक विसरतील. परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू, आत्ता तुझं नाव दिलं तर मलाच बोल लागेल." माझी चूक म्हणे. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. घरापर्यंत रडत आले.

आई पोळ्या लाटत होती. तिला सगळं सांगितलं. गोलचं ऐकलं, परीक्षेचं ऐकलं, तरी तिचं लाटणं चालूच होतं. शपथेचं ऐकलं तेव्हा थांबलं. तिचा चेहरा बघून मीच म्हटलं, "जाऊ दे गं आई. शपथेने कोणाचं काही होत नाही. मी नाही मानत."

"तू नाही मानत," आई म्हणाली. "तो मानतो. म्हणून तर स्वतःच्या पोरीला बाजूला केलं."