शेळ्यांनी लावलेल्या बोरी

मंडळी, चिखलाच्या पायांनीच वाचनालयात येऊन हा कागद फळ्यावर लावतो आहे.

पेठ रस्त्यावरच्या बंद मुरमाच्या खाणीत रानबोरी रुजवायचा माझा खटाटोप तुम्हाला ठाऊक आहेच. खाणीच्या मालकांनी बजावलं होतं, श्रावणात हिरवं दिसलं नाही तर तिथे दगड टाकणार. आज ते टांग्यातून पाहायला आले.

वीतभर खोल, शेणखत घातलेले माझे चाळीस खड्डे. उगवली तीन रोपं! शेळ्या शिरू नयेत म्हणून माघातच भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. मालक हसले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेळ्या राखणारी सखूबाई ओरडली, “नाना, हिकडं बघा की! लय उगवलंय!”

मी वाकून मोजली. सव्वीस रोपं. कुंपणाच्या बोराटीवर राहिलेली सुकी बोरं शेळ्यांनी उन्हाळ्यात बाहेरून ओरबाडली आणि तिथेच रवंथ करत आठोळ्या थुंकल्या.

“तुमी त्यांना शिव्या घातल्या, अन् लावणी त्यांनीच केली!”

मालकांनी आणखी एक वर्ष दिलं. मी स्वतः शिकलेला माणूस, शेळ्यांकडूनही शिकेन. फक्त सांगा, पुढच्या उन्हाळ्यात कुंपणाच्या आत कोणी राहायचं, त्यांनी की मी?