हिरवट लाकडाची शेगडी

करावे गावातली निम्मी पोरं बायजाच्या हातावर जन्मली. ती सुईण. गळ्याला नाळेचा फास बसलेली पोरं तिनं सोडवली, गेल्यात जमा बाया माघारी आणल्या. भीती तिला ठाऊक नव्हती. पण एकसष्टच्या थंडीत आपल्याच लेकीच्या, पुतळाच्या खाटेखाली शेगडी ठेवली आणि थोड्याच वेळात भीती म्हणजे काय ते तिला कळलं.

बाळंतिणीला शेक द्यायचा तर निखारे बाभळीचे, हा रिवाज. या खेपेला पुतळाचा भाऊ धर्मा खाडीतल्या नव्या धक्क्याच्या कामावरून लाकडाचे तुकडे घेऊन आला होता. हिरवट, जड. तेच शेगडीत पेटवले.

पुतळाचे डोळे चुरचुरले, मग ती ओकली. तान्हं रडेना. नुसती छाती भात्यासारखी वरखाली.

"नजर लागली," शेजारची शेवंताबाई म्हणाली. "मीठ-मिरची जाल गो."

"आनखी धूर? गप बस." बायजानं लेकाकडं पाहिलं. "धर्मा, ही लाकडं कसली हाईत?"

"धक्क्याची. दवा पाजलेली. खाडीतला किडा लागत नाय त्यांना."

"का लागत नाय?"

"मरतो."

बायजानं शेगडी खाटेखालून बाहेर ओढली. "कामावरचा साहेब काय बोललेला?"

"जालू नका, बोललेला. मला वाटलं, घरी नेऊ द्यायची नाईत म्हनून बोलतो. नेमी तेच बोलतात."

त्याचं तरी काय चुकलं? दोराला हात लावू नका, पत्र्याला हात लावू नका; जन्मभर नुसतं 'नको' ऐकलेल्या माणसानं त्यातलं खरं 'नको' ओळखायचं कसं? 'विष आहे' एवढं बोलायला साहेबाची जीभ झडली असती काय?

बायजानं तान्हं उचललं, पुतळाला धरून अंगणात आणलं.

शेवंताबाई आडवी आली. "सटी पुजली नाय अजून. सटवाई रुसंल."

"रुसू दे. मी काढीन तिची समजूत."

खाडीचा वारा वाहत होता. बायजा बाळाच्या छातीवर तळवा ठेवून बसली. दुपार उलटली. ऊन उतरायला लागलं तेव्हा ते बारीक कण्हलं, मग रडलं, पुतळाच्या अंगाला चिकटलं.

"सुटलीस बाय," म्हणत शेवंताबाई शेगडीतली राख सुपात भरायला लागली. "भांडी घासाया नेते."

बायजानं तिचं मनगट धरलं. "ठेव ती. खाली ठेव." मग धर्माकडं वळली. "आनखी कुनाकुनाला दिलीस रे लाकडं?"

धर्मानं आळीकडं पाहिलं. संध्याकाळच्या चुली पेटत होत्या, कौलांतून धूर वर येत होता.

बायजानं पदर खोचला आणि पहिल्या दाराकडं धावत सुटली.