नऊशे वजनाची तुळई

दुसिककाका सकाळी नऊला माझ्या कॉम्प्युटर-गेमच्या दुकानात येतात, सात नंबरच्या कॉम्प्युटरवर बसतात आणि करतात काय, तर चालतात. खेळातला त्यांचा माणूस पाठीवर दगड घेऊन दोन गावांत हेलपाटे घालतो. ओझं वाहिलं की ओझ्याची मर्यादा वाढते, असा त्या खेळाचा नियम. बाकीचे आपल्या माणसाला आपोआप चालायला लावून खुशाल घरी जातात. काका मात्र माऊस धरून बघत बसतात.

"अहो काका, तो चालतोय की आपला आपण! कशाला डोळे फोडून घेताय?"

"मावशी, पाठीवर माल असताना हमाल डुलकी काढतो का कुठं?"

सत्तरीचा माणूस मला पन्नाशीच्या बाईला मावशी म्हणतो. दुकानदारणीला सगळेच म्हणतात.

आमच्या बुसानच्या बाजारात चाळीस वर्षं हमाली केली त्यांनी. पाठीला लाकडी चौकट, हातात टेकायची काठी. माल चढवायला-उतरवायला कधी कुणाचा हात लागू दिला नाही, हे दिवसातून तीनदा ऐकवतात. आता मणका गेलाय. पाच किलोच्या वर उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलंय. घरी बायको इन्जा अंथरुणाला खिळलेली. सकाळ-संध्याकाळ बाई येऊन तिचं करून जाते.

एकदा मी तडकलेच. "इथं दगड कसले वाहताय? बायकोपाशी बसा की!"

"बसतो ना. मग ती म्हणते, जरा उठवून बसव. मला तिला उचलवत नाही. नुसतं बघत राहायचं एकमेकांकडं."

मी त्यांना शेवया उकळून दिल्या.

त्या बुधवारी मात्र दुकानात लगबग होती. खेळातल्या काकांच्या टोळीचं किल्ल्यातलं कोठार भरलं होतं, त्यात तिळाएवढी जागा उरली नव्हती. ते वाढवायचं तर नऊशे वजनाची तुळई खाणीपासून एकाच माणसानं आणायची. तीही गुरुवारी पहाटे खेळ दुरुस्तीसाठी बंद व्हायच्या आत, नाहीतर अर्धवट बांधकाम पाडून टाकतात. टोळीत कुणाची मजल सहाशेपुढं नव्हती. काकांची नऊशे दहा. त्यासाठी सात महिने दगड वाहिले होते.

दुपारी बारा वाजता तुळई अर्ध्या वाटेवर होती. एवढं ओझं असलं की माणूस आपोआप चालत नाही, बटण दाबून धरावं लागतं. पुढं-मागं राखणीला टोळीतले चौघं, तेही माझ्याच दुकानात बसलेले. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. इन्जाबाई पलंगावरून खाली पडल्या होत्या. गळ्यातल्या फोनवरूनच बोलत होत्या.

काका उठले. "मावशी, हे एक बटण दाबून धर. सोडू नकोस."

"आणि तुम्ही एकटे उचलणार कसं?"

ते चपला शोधत राहिले. चौघांतला टोळीचा नायक होग्यू, टॅक्सी चालवतो तो, खुर्ची सरकवून उठला. "चला रे!"

"तुमचं इथं काम आहे. मी बघतो," काका म्हणाले.

"बघतो म्हणे! मणका बघा आधी," होग्यू म्हणाला. चौघंही त्यांच्यामागं गेले.

मी बटण दाबून बसले. दोन गिऱ्हाइकं ओरडून निघून गेली. बोट बधिर झालं. कुणी लुटायला आलं नाही, नशीब माझं. काकांचा माणूस किल्ल्याच्या दारात येऊन थांबला, आणि तुळई उतरवायची कशी ते मला ठाऊक नव्हतं.

तासाभरानं सगळे परतले. इन्जाबाईंना लागलं नव्हतं.

"या पोरांतल्या दोघांनीच अलगद उचललं," काका खुर्चीत बसत म्हणाले. "अडतीस किलो राहिलीय, मावशी. अडतीस! आणि मी कोपऱ्यात उभा, तिची उशी धरून."

पडद्यावर त्यांचा माणूस ओझ्याखाली वाकून उभा होता. होग्यू म्हणाला, "काका, उतरवा की आता."

काकांनी बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. मान वर न करता ते म्हणाले, "पोरांनो, उद्याही याल का? रोज दुपारी एकदा तिला खिडकीपाशी बसवायचंय."