यूझिक रंगाऱ्याचा राजद्रोह

यूझिक बुलीगाला राजकारणातला एकच प्रश्न कळायचा: सभेचं व्यासपीठ रंगवायचं ते ऑइलपेंटनं की डिस्टेंपरनं? बाकी सगळं त्यानं वरच्यांवर सोडलं होतं. न्योमान नदीकाठच्या त्या शहरात सरकारी घरांच्या वसाहत कार्यालयाचा रंगारी म्हणून त्याची हयात गेली. बाकं हिरवी, फुटपाथच्या कडा पांढऱ्या आणि कुंपणं गोदामात जो रंग उरला असेल त्या रंगाची. बोलणं बेताचं, पिणं सणासुदीपुरतं. बोलायचं काम त्याची बायको हेलेना करायची. ती बालवाडीत स्वयंपाकीण होती आणि दोघांच्या वाटणीचं बोलायची.

बेलारूसवर तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षं एकाच माणसाचं राज्य होतं. लोक त्याला ‘बाप’ म्हणत. आधी लाडानं, मग सवयीनं आणि त्या ऑगस्टात दातओठ खाऊन. निवडणूक झाली, निकाल लागला: शंभरातली ऐंशी मतं बापाला.

“आपल्या आवारात त्याला मत दिलेला एक तरी माणूस दाखव मला,” हेलेना म्हणाली.

“नाही दाखवणार.”

“का रे?”

“तू त्याला जिवंत सोडशील का?”

लोक रस्त्यावर उतरले. मग इंटरनेट गेलं, मागोमाग काळ्या काचांच्या गाड्या आल्या आणि माणसं जायला लागली. यूझिकच्या आवारातला पहिला गेला तो जनावरांचा डॉक्टर स्तास. त्यानं विरोधी उमेदवाराचा प्रचार उघडपणे केला होता. दवाखान्यात एका मांजराला टाके घालत असताना पाच मुखवटेवाले पोलीस आत शिरले. “दोनच टाके राहिलेत,” तो म्हणाला. त्यांनी त्याला तसाच उचलला. उरलेले टाके मांजराच्या मालकिणीनं रडत रडत घातले.

त्याच्या आधीपासूनच आवारातल्या डीपीच्या खोलीवर रोज सकाळी एक पट्टा उगवायचा. पांढरा, मध्ये लाल, पुन्हा पांढरा. देशाचा हा जुना झेंडा बापाला डोळ्यांसमोर नको असायचा, म्हणूनच लोकांनी तो उचलून धरला होता. कार्यालयप्रमुख व्हालेन्तिना पाव्हलोवना बाई फोन करून त्याला कागदोपत्री नावानं हाक मारायच्या, “यूझेफ, पुन्हा आलाय!” जणू भिंतीला गोवर निघाला होता. यूझिक करड्या रंगाचा डबा घेऊन जायचा आणि झेंडा पुसायचा. दुसऱ्या दिवशी झेंडा पुन्हा हजर.

लोकांनी त्याच्यावर राग धरला नाही. उलट खिडक्यांतून विचारपूस व्हायची, “यूझिककाका, चहा पाठवू का?” कुणी बटाट्याची गरम धिरडी आणून द्यायचं, वर आंबट साय घालून. खाऊनपिऊन तो झेंडा पुसायचा आणि मनातल्या मनात तो काढणाऱ्याला दाद द्यायचा. काय ती लाल पट्ट्याची कड! सुरीनं कापल्यासारखी. पण स्तास गेल्यावर झेंडा यायचा तो वाकडातिकडा, ओघळ आलेला. यूझिक हेलेनाला म्हणाला, “हात बदललाय.” आणि एवढं बोलून तो त्या दिवशी जेवलाच नाही.

सप्टेंबरात करडा रंग संपला. साहजिकच होतं, अख्खा देश तोच रंग फासत होता. गोदामात पांढऱ्या रंगाचा एकच डबा उरला.

“पांढरा तर पांढरा,” बाई म्हणाल्या. “दहा वाजता शहर समितीचे साहेब येणार आहेत. भिंत कोरी दिसली पाहिजे.”

डबा अर्धाच निघाला. यूझिकनं त्यात पाणी ओतलं. त्याच्या कारकिर्दीतलं हे एकमेव पाप. त्यानं संपूर्ण भिंत पांढरीशुभ्र केली आणि तंबाखू ओढायला बाकावर टेकला. भिंत वाळायला लागली. आधी मध्यभागी गुलाबी सावली आली. मग ती लाजली, मग लाल झाली: रात्रीचा ओला लाल रंग ब्रशबरोबर भिंतभर ओढला गेला होता. साहेबांची गाडी आवारात वळली तेव्हा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडा लखलखत होता. इतके दिवस तो हातभर लांबीचा असायचा. आता सरकारी रंगात, सरकारी ब्रशनं, चांगला खोलीएवढा झाला होता. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी यूझिककडे बोट दाखवलं.

खटला व्हिडिओवर झाला. एका पडद्यावर न्यायाधीश, दुसऱ्या पडद्यावर साक्षीदार. साक्षीदाराच्या तोंडावर काळा मुखवटा आणि नाव ‘पेत्रोव्ह’, तेही खोटं, सुरक्षेसाठी म्हणे. पेत्रोव्हनं घडाघडा सांगितलं की आरोपी हात उंचावून घोषणा देत होता आणि जमावाला चिथावत होता.

यूझिकनं कान टवकारले. हा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या, पोलिसात गेलेल्या पोराचा; पोर लहान असल्यापासून तो ऐकत आला होता. “दीमा?” तो म्हणाला. “अरे, घसा बसलाय तुझा. गरम दूध घेत जा.”

“साक्षीदाराला ओळखायला मनाई आहे!” न्यायाधीशबाई कडाडल्या. “आरोपी, तुमचं म्हणणं काय?”

“मी झेंडा पुसत होतो, बाई.”

“पुरावा?”

“भिंत आहे ना.”

“भिंतीवर तर झेंडा आहे.”

पडद्यावरचा पेत्रोव्ह खाली बघत होता. पंधरा दिवस कोठडी.

चौघांच्या कोठडीत तेव्हा सतरा माणसं होती. एकजण सायकल फार सावकाश चालवली म्हणून आत आला होता, एक पाव आणायला गेला तो तसाच. कोपऱ्यात भिंतीला पाठ न टेकवता स्तास बसला होता.

“यूझिककाका? तुम्ही? तुम्ही तर सरकारी माणूस!”

“पाणी घातलं रंगात,” यूझिक शरमून म्हणाला.

हकीकत ऐकून सगळी कोठडी हसली. दार बडवलं गेलं, शिव्या आल्या, तरी हसू थांबेना. मग स्तास हळूच म्हणाला, “कड कशी होती माझी?”

यूझिक त्याच्याकडे बघतच राहिला. “तू होतास होय? डॉक्टर, तीस वर्षांत मला तशी कड जमली नाही.”

“बँडेजची चिकटपट्टी. मांजरांसाठी आणलेली.”

दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या नळाखाली स्तासनं शर्ट काढला आणि यूझिकनं त्याची पाठ पाहिली. रंगात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या पाठीवरच्या रंगांना नावं सापडेनात. मग आपला कोरडा टॉवेल भिजवून, पिळून, त्यानं तो अलगद त्या पाठीवर ठेवला. पुढच्या आठवड्यात स्तासला तुरुंगात हलवलं. खटला मोठा होता: कटकारस्थान, परकीय पैसा, राज्य उलथवण्याचा बेत. निघताना तो एवढंच म्हणाला, “काका, त्या मांजराची चौकशी करा.”

यूझिक सुटला तेव्हा फाटकाशी हेलेना आणि निम्मं आवार उभं होतं. थर्मास, लोकरी मोजे, धिरडी घेऊन. कामावर गेला तर बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, करडा रंग आलाय. दोन, विनापरवानगी पंधरा दिवस गैरहजर राहिल्याबद्दल त्याची नोकरी गेलीय.

“बाई, तुम्हीच तर मला पाठवलंत.”

“ते वेगळं, यूझेफ. रजेचा अर्ज कुठाय?”

त्या रविवारी हेलेना मोर्चाला निघाली तर यूझिक दारात बूट घालून तयार.

“राजकारणात पडायचं नाही म्हणायचास ना?”

“पडलो कुठं? ढकललं मला.”

तो चालला. घोषणा त्याला जमेनात. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा खोकला आला. चौकात मुखवटेवाल्यांची रांग ढाली घेऊन उभी होती. हेलेना सरळ त्यांच्यापुढे गेली आणि एकेकाच्या डोळ्यांत बघत विचारत सुटली, “जेवलास का रे? आईला ठाऊक आहे का तू कुठं आहेस?” एकानं मान फिरवली. तो दीमा होता की दुसरा कुणी, हे यूझिकला मुखवट्यावरून कळलं नाही आणि आवाज तर कुणी काढलाच नाही. मग धूर आला आणि सगळे पळाले. यूझिकनं हेलेनाचा हात घट्ट धरला होता.

बर्फ पडायच्या सुमाराला मोर्चे संपले. बाप खुर्चीवरच राहिला. पाव्हलोवनाबाईंना पदक मिळालं, दीमाला बढती. त्याची आई आता दुकानात रांगेत उभी राहिली की पुढची आणि मागची बाई दोन पावलं सरकते. स्तासला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याची बायको मुलींना घेऊन पोलंडला गेली. यूझिक लोकांची घरं रंगवतो. सरकारी नोकरीत होतं त्यापेक्षा काम जास्त, कारण आवारातल्या प्रत्येकाला अचानक आपल्या भिंती कळकट वाटायला लागल्या आहेत. तुरुंगात स्ताससाठी खाण्याचं पाकीट नेण्याचा दिवस आला की तो काम बंद ठेवतो. हेलेना खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा, लसूण आणि बिस्किटं बांधते. खिडकीतला शिपाई दरवेळी विचारतो, “कैद्याचे कोण तुम्ही?”

“रंगारी,” यूझिक सांगतो.

“नात्यात बसत नाही.” पाकीट परत येतं.

गेल्या वेळी मात्र यूझिक म्हणाला, “काका.” शिपायानं वर बघितलं, पाकीट तराजूवर टाकलं आणि आत ओढून घेतलं.