डेअरीच्या रांगेत वाचलेली कादंबरी

"आठ आठवडे," संपादक म्हणाले. "तेवढ्यात पत्रं आली तर पुढं चालवू. नाही आली तर तुम्ही रागवायचं नाही, ताई."

रागवायचं नाही म्हणे! मी आधीच रागावलेली होते. याच गृहस्थांनी वर्षभरापूर्वी माझी पहिली क्रमशः कादंबरी पाचव्या भागात तोडली होती. बियाण्यांची जाहिरात आली, जागा कमी पडली, दिली गोष्ट उडवून. मला विचारलं नाही, कळवलंही नाही. आणि खरं झोंबलं ते वेगळंच. गोष्ट बंद झाली म्हणून विचारायला एक माणूस फिरकला नाही. पाच आठवडे मी ज्यांच्यासाठी लिहीत होते, ते सगळे सुखानं कांदे काढत होते.

म्हणून या वेळी मला एकच गोष्ट हवी होती. गोष्टीचा शेवट मी लिहिणार. बियाणेवाला नाही, संपादक नाही, मी.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. साप्ताहिक मंचरचं, चार पानांचं, दर शनिवारी निघायचं. मी जुन्नरकडच्या डिंगोरे गावची लेक, अवसरी बुद्रुकला दिलेली. बारावी झालेली, म्हणजे आमच्या भावकीत मी जवळजवळ वकीलच. नवरा मंचरला स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होता. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत लिहिलेल्या भागाचं पाकीट घालून न्यायचा आणि छापखान्यात टाकून यायचा. त्याच्याशिवाय घरात कुणाला पत्ता नव्हता. नाव छापू नका, असं मीच सांगितलं होतं. सून पेपरात लिहिते म्हटल्यावर भावकीतल्या बायका तोंडात पदर धरून जे बोलल्या असत्या, ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

पहिले तीन भाग मी फार मन लावून लिहिले. पहिल्या भागात लेण्याद्रीच्या पायऱ्या होत्या, दीड कॉलम नुसत्या पायऱ्या. दुसऱ्यात धुकं. तिसऱ्यात नायिका खिडकीत उभी राहून विचार करते. आमच्या गावात खिडकीत उभं राहून विचार करायला कुणाला वेळ आहे, हे लिहिताना माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी सकाळी पेपर दूध डेअरीत यायचा. मी आणि माझी सासू किटल्या घेऊन रांगेत असायचो. सासूला मी आत्या म्हणते. डेअरीचा सेक्रेटरी रांग मोठी असली की पेपर वाचून दाखवायचा. आधी बाजारभाव, मग निधनवार्ता, मग कुठं बिबट्या दिसला असेल तर ते. तिसऱ्या शनिवारी त्यानं माझ्या गोष्टीचं पान फाडलं आणि फॅटचं मशीन पुसलं. माझ्या डोळ्यांदेखत. नायिका खिडकीतच होती, तिच्यावरून दुधाचा ओघळ गेला. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो सेक्रेटरीचा नव्हता. माझ्या लिहिण्यात माणसानं थांबून ऐकावं असं काही नव्हतंच.

त्याच रांगेत मला उत्तर सापडलं. सेक्रेटरी प्रत्येकीच्या दुधाचा नमुना मशीनला लावायचा आणि फॅटचा, म्हणजे दुधातल्या लोण्याचा, आकडा मोठ्यानं सांगायचा. सात पॉइंट एक. सहा पॉइंट पाच. त्यावरच दुधाचा दर ठरायचा, म्हणून आकडा आला की सगळ्या रांगेचे कान तिकडं, मग हलकी कुजबुज. त्या दिवशी आमच्या शेजारणीच्या नवऱ्याच्या दुधाला पाच पॉइंट चार लागली. रोजची सातच्या पुढं. आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "बायकू माहेरी गेली जनू. ह्यो घाईघाईत धार काढतोय, शेवटची धार आचळातच ऱ्हातीय. लोणी तर तिथंच असतं." दुपारी कळलं, बाई खरंच भांडून माहेरी गेली होती. एका आकड्यावरून आत्यांनी अख्खं घर वाचलं होतं. आणि मी पायऱ्या मोजत बसले होते.

घरी येऊन मी चौथा भाग फाडला आणि नव्यानं लिहायला घेतला. नायिकेला खिडकीतून काढलं आणि डेअरीच्या रांगेत उभं केलं. तिला माहेरून आणलेली म्हैस दिली. नवऱ्याला ती म्हैस विकायची आहे, हिला विकायची नाही, एवढीच गोष्ट. पहिली ओळ लिहिली, "त्या सकाळी तिच्या दुधाला सहा पॉइंट आठ लागली." ठरवून टाकलं की प्रत्येक भागाची सुरुवात आकड्यानं होणार. आणि एक व्यापारी आणला. तो दर दुसऱ्या भागात येणार, चहा पिणार, म्हशीच्या पाठीवर हात फिरवणार आणि "मी येईन परत" एवढंच बोलून जाणार. बाकी काही नाही.

चौथ्या शनिवारी सेक्रेटरी बाजारभाव वाचता वाचता शेजारच्या कॉलमात घसरला. सहा पॉइंट आठ म्हटल्यावर त्याला वाटलं डेअरीचीच काही बातमी आहे. दहा ओळी झाल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं, ही तर गोष्ट. तो थांबला. मागून एक म्हातारी म्हणाली, "वाच की. कुनाची म्हस हाय ती?"

पाचव्या शनिवारी बाजारभावाच्या आधी विचारणा झाली, "तिला आज किती लागली?" मी पदर घट्ट ओढून घेतला आणि मान खाली घातली. आत्यांना वाटलं मला थंडी वाजते. त्यांनी आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली.

पुढं दोन हजार सालानंतर मी बऱ्याच कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. नवे लिहिणारे विचारतात, वाचक आठवडाभर धरून कसा ठेवायचा. लोकांना वाटतं दर भागात काहीतरी भयंकर घडलं पाहिजे. नाही हो. आठवडाभरात माणसाला शंभर कामं असतात, तुमची गोष्ट तो विसरणारच. त्याला परत आत यायला एक ओळखीचा उंबरा लागतो. दर वेळी तोच. पाय आपोआप पडला पाहिजे, आणि आत काय झालंय हे मात्र दर वेळी वेगळं असलं पाहिजे. आकडा तोच डेअरीचा, पण आज चढला का उतरला, एवढ्यासाठी माणूस येतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, रांगेनं शिकवलं.

पण सहाव्या भागात मी माती खाल्ली. नायिका दोन दिवस तापानं पडते आणि नवरा धार काढतो, असं दाखवायचं होतं. आकडा उतरवायचा होता. मी लिहिण्याच्या भरात ठोकून दिलं, तीन पॉइंट नऊ. पाकीट गेलं, छापून आलं, सेक्रेटरीनं वाचलं आणि रांगेत जे काही झालं ते विचारू नका.

म्हशीला तीन पॉइंट नऊ! नवऱ्यानं कितीही घाई केली तरी म्हैस इतकी उतरत नाही. ती तर गाईची फॅट. रोज डेअरीत उभी राहणारी मी, आणि माझ्या हातून ही चूक. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण रांगेतल्या कुणालाच ती लिहिणारीची चूक वाटली नाही. त्यांना तो पुरावा वाटला. निम्मी रांग म्हणाली, त्यानं म्हैस गुपचूप विकली आणि दावणीला गाय बांधली. निम्मी म्हणाली, दुधात पाणी घातलंय मेल्यानं. आत्या दुसऱ्या बाजूच्या, आणि चांगल्याच तावात. "गाय बांधली तर बायकूला आंथरुनातनं आवाज कळंल की. पानीच हाय ते."

त्या आठवड्यात छापखान्यात पहिल्यांदा पत्रं आली. नवरा डब्याच्या रिकाम्या पिशवीतून घेऊन आला. एका पत्रात त्या कादंबरीतल्या नवऱ्याला अशा शिव्या होत्या की माझ्या नवऱ्यानं ते निम्म्यातच खाली ठेवलं. एकानं लिहिलं होतं, "फॅट सांगता, मग डिगरी का सांगत नाही? पाणी घातलं असेल तर डिगरीत पकडता येईल." डिगरी म्हणजे लॅक्टोमीटरवरचा दुधाच्या दाटपणाचा आकडा, पाणी घातलं की तो उतरतो. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि हसत सुटले. माझी चूक या लोकांनी माझ्यापेक्षा चांगली सावरली होती. सातव्या भागात मी डिगरी सांगितली. पाणी नवऱ्यानंच घातलं होतं. म्हशीचं दूध बिघडलं असं बायकोला वाटावं, तिनं आपणहून म्हैस विकायला हो म्हणावं, म्हणून. इतका चांगला डाव मला आधी सुचलाच नव्हता.

मला वाटलं, जिंकले. कसलं काय. संपादकांचा निरोप आला, "पत्रं आली, पण निम्मी शिव्यांची. शिव्या देणारा काही वाचक नव्हे. टोमॅटोच्या औषधाची जाहिरात ठरली आहे. आठवा भाग छापतो आणि थांबतो."

आठवा भाग छापला, तोही कापून. जाहिरातीला जागा करायला वरच्या चार ओळी उडवल्या होत्या. नुसते आकडे तर होते, असं त्यांना वाटलं. सेक्रेटरीनं पान उलटलं, सुलटलं आणि म्हणाला, "फॅट न्हाई छापली."

"न्हाई छापली म्हंजी?" आत्यांनी विचारलं.

"न्हाईच. एकदम व्यापारी आलाय चहाला. आन् खाली लिवलंय, कादंबरी स्थगित."

रांगेत कुणी आवाज चढवला नाही. किटल्या रिकाम्या झाल्या, विसळल्या गेल्या, आणि मग त्याच रिकाम्या किटल्या हातात घेऊन दहा-बारा जणी मंचरच्या गाडीच्या थांब्याकडं निघाल्या. पुढं आत्या. मी मागं राहायला बघत होते. त्यांनी मला दंडाला धरून ओढलं. "तुला वाचता येतंय, तू चल. त्यो पेपरवाला काय दाखवंल ते वाचून सांग."

छापखान्याच्या दारात किटल्यांचा घोळका बघून संपादक आधी घाबरलेच. त्यांना वाटलं दुधाच्या दराचं आंदोलन आलं. आत्या म्हणाल्या, "भाऊ, आमी भांडाया न्हाई आलो. तिच्या दुधाला किती लागली तेवढं सांगा. सात दिस वाट बघितलीय."

"कुणाच्या दुधाला?"

"त्या पोरीच्या. पानी घातलेलं तिला कळलं का न्हाई? फॅट चढली आसंल तर तिला कळलं, तिनं धार आपल्या हातात घेतली. उतरली आसंल तर म्हस गेली. तुमी आकडाच छापला न्हाई, आता आमी काय समजायचं?"

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पंधरा वर्षं पेपर चालवत होते, पण गोष्टीच्या चार ओळी मागायला कुणी गाडीभाडं खर्चून आलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. मग त्यांची नजर आत्यांच्या मागं माझ्यावर पडली. मी मान हलवून नको म्हणत होते. ते म्हणाले, "मला काय विचारता, मावशी? ज्यांनी लिहिलंय त्या तुमच्याच मागं उभ्या आहेत."

आत्या वळल्या. सगळ्या वळल्या. मला वाटलं आता काही खरं नाही. आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जशी बाजारात म्हैस बघतात.

"मंग घरात का न्हाई सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "उगंच हिथवर आनलंस. किती लागली?"

"सात पॉइंट दोन," मी म्हणाले.

"म्हंजी म्हस ऱ्हायली," आत्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि छापखान्याच्या पायरीवर टेकल्या. कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसायला लागल्या. मला इतका आनंद झाला होता की मी संपादकांना त्यांच्याच छापखान्यात चहा सांगायला लावला, सगळ्यांसाठी. त्यांनी निमूट सांगितला.

पुढच्या शनिवारी पहिल्या पानावर चौकट आली, "गेल्या आठवड्यातील फॅट : सात पॉइंट दोन. चुकीबद्दल दिलगीर आहोत." टोमॅटोचं औषध चौथ्या पानावर गेलं आणि त्याच्या जागी नववा भाग आला. माझं नावही छापून आलं, कारण आता लपवायचं कुणापासून? भावकीतल्या बायका बोलल्या, नाही असं नाही. आत्यांनी त्यांना एवढंच सांगितलं, "तुमच्या सुना लिवतील तवा बोला."

कादंबरी एकेचाळीस आठवडे चालली. खेडच्या नि जुन्नरच्या डेअऱ्यांतून पेपरची मागणी वाढली. मी शेवट कळवला तेव्हा संपादक घरी आले, स्वतः, पेढे घेऊन. म्हणाले, अजून वीस भाग ओढा, ताई, व्यापाऱ्याला परत आणा, हवं तर म्हैस आजारी पाडा. आत्यांनी पेढे ठेवून घेतले. मी म्हणाले, "नाही. माझी गोष्ट संपली." हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून मी पायऱ्या सोडल्या होत्या, खिडकी सोडली होती, रांगेत उभी राहिले होते. ते मी अगदी सावकाश बोलले, चव घेत.

शेवटचा भाग सेक्रेटरीनं उभं राहून वाचला. आकडा चांगला लागला, व्यापारी रिकाम्या हातानं गेला, नवऱ्यानं बायकोसमोर पहिल्यांदा शेवटपर्यंत धार काढली. मग तो थांबला आणि एक शब्द वाचला, "समाप्त."

‘कुनाची म्हस’ विचारणाऱ्या त्या म्हातारीनं किटली खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "समाप्त कशी? सांजची धार कोन काढनार तिथं?"